‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ : कॅरी वॉट्सच्या परतीच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ हा १९८५ चा अमेरिकी चित्रपट गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच जणांना पाहायला लावला. पाहून झाल्यावर बहुतेकांनी तेच तेच प्रश्न विचारले, कुणी चिडून, तर कुणी डोळे पुसत. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिते आहे. शेवटासकट सगळी गोष्ट पुढे येणार आहे, तेव्हा आधी चित्रपट पाहायचा असेल तर पाहून या.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

कॅरी वॉट्स ही म्हातारी विधवा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरातल्या लहानशा भाड्याच्या जागेत ती मुलगा लुडी आणि सून जेसी मे यांच्याजवळ राहते. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, म्हणजे चाळीसच्या दशकाचा शेवट. तिचं हृदय कमजोर आहे, अधूनमधून तिला घेरी येते. सुनेशी पटत नाही. तिला एकच ध्यास लागला आहे : मरायच्या आधी एकदा बाउंटिफुलला जायचं. ती त्याच गावात वाढली, वडिलांचं घर तिथेच होतं, मुलगाही तिने तिथेच वाढवला.

याआधीही ती घरातून निसटलेली आहे आणि प्रत्येक वेळी रेल्वे स्टेशनवर सापडलेली आहे. या वेळी पेन्शनचा चेक लपवून ती पुन्हा निघते. बाउंटिफुलला आता गाडी थांबत नाही, म्हणून बस पकडते आणि जवळच्या हॅरिसन गावापर्यंत पोचते. तिथे एक शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, तिला अडवतो आणि शेवटी तोच तिला आपल्या गाडीतून बाउंटिफुलला घेऊन जातो. गाव उरलेलं नाही आणि घर पडायला आलं आहे. मुलगा आणि सून तिला न्यायला येतात आणि ती त्यांच्याबरोबर परत जाते.

घटना एवढ्याच आहेत. लांबी साधारण पावणेदोन तास.

हा चित्रपट कादंबरीवरून केला आहे का?

नाही. बऱ्याच जणांना तसं वाटतं, कारण कॅरीच्या मनात दडलेलं आयुष्य एखाद्या जाड कादंबरीत मावेल एवढं आहे. मुळात हे टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक. लेखक हॉर्टन फूट. मार्च १९५३ मध्ये एनबीसी वाहिनीवर ते थेट प्रक्षेपित झालं आणि कॅरीची भूमिका मूकपटांच्या जमान्यातली विख्यात अभिनेत्री लिलियन गिश हिने केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिशलाच घेऊन ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. तिथे ते चाळीस प्रयोगांच्या आतच उतरलं, पण सून झालेल्या जो व्हॅन फ्लीटला टोनी हा रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला. बसमध्ये भेटणाऱ्या थेल्माचं काम टीव्हीवर आणि रंगमंचावर, दोन्हीकडे, इव्हा मेरी सेंटने केलं होतं.

चित्रपट व्हायला त्यानंतर बत्तीस वर्षं लागली. तो १९८५ साली आला. पटकथा फूट यांनी स्वतःच लिहिली आणि दिग्दर्शन केलं पीटर मास्टरसन यांनी. ते फूट यांच्या नात्यातले आणि टेक्सासचेच. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिला चित्रपट.

रूपांतराबद्दल बोलताना हा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. परक्या लेखकाचं पुस्तक कुणी उचललं आणि कापलं, असं इथे झालेलं नाही. ज्याने ऐन छत्तिशीत ही म्हातारी लिहिली, त्यानेच साठी उलटून गेल्यावर ती पुन्हा लिहिली. तिचं थकलेपण आता त्याच्याही ओळखीचं झालं असणार.

बाउंटिफुल हे खरं गाव आहे का?

या गोष्टीतलं बाउंटिफुल काल्पनिक आहे. या नावाचा अर्थ भरभरून देणारं, समृद्ध. उजाड गावाला असं नाव देऊन फूट यांनी पहिल्याच शब्दात काळजाला हात घातला आहे. हॅरिसनही काल्पनिकच, पण फूट यांचा जन्म ज्या व्हॉर्टन गावी झाला, त्याच्याच मापाचं बेतलेलं. या हॅरिसनमध्ये त्यांनी पुढे अनेक नाटकं घडवली.

प्रदेश मात्र खराखुरा आहे : मेक्सिकोच्या आखाताजवळचा टेक्सासचा सपाट भाग. पडक्या घरापाशी उभी राहून कॅरी वाऱ्यावरून येणारा आखाताचा वास घेते. गाव सोडून दुसरीकडे राहिलेल्या कुणालाही ते कळेल. आपल्या घराचा वास आपल्याला घरात राहताना येत नाही, परतल्यावर येतो.

गाव ओस का पडलं?

लढाई किंवा पूर असं काही झालं नाही. जमिनीचा कस गेला, शेती परवडेना, तरणी माणसं ह्यूस्टनसारख्या शहरांकडे गेली. मग दुकान बंद, मग पोस्ट बंद, मग गाडी थांबेनाशी झाली. कॅरी स्टेशनवर बाउंटिफुलचं तिकीट मागते आणि खिडकीतल्या माणसाला असं काही गाव असल्याचा पत्ताच नसतो. तिचं आख्खं आयुष्य जिथे गेलं, ते त्याच्या तिकिटांच्या यादीत नाही.

आठवणींचाच चित्रपट आहे, तर फ्लॅशबॅक का नाहीत?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

म्हातारी बाई मागे वळून पाहते म्हटलं की पडद्यावर काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. ती खिडकीतून बाहेर बघते, चित्र धूसर होतं आणि तिच्या जागी वीस वर्षांची देखणी नटी केस मोकळे सोडून धावत येते. उरलेला अर्धा चित्रपट त्या तरुणीचा होतो आणि म्हातारीकडे फक्त अधूनमधून उसासे टाकण्याचं काम राहतं.

इथे फक्त सुरुवातीला, श्रेयनामावली चालू असताना, एक तरुण आई आणि तिचा लहान मुलगा मोकळ्या माळावरून धावताना दिसतात. मागून एक भजन ऐकू येतं. बस. त्यानंतर कॅमेरा भूतकाळात जात नाही. कॅरीचं बालपण, तिचं प्रेम, तिची गेलेली दोन मुलं, तिचे वडील, हे सगळं आपल्याला तिच्या बोलण्यातूनच कळतं. कधी बसच्या सीटवर, कधी स्टेशनच्या बाकावर, तर कधी पडक्या घराच्या पायरीवर.

नाटकातून आल्यामुळे असं झालं, असं कुणी म्हणेल. थेट टीव्हीवर फ्लॅशबॅकची चैन करता येत नव्हती, हे खरं. पण १९८५ मध्ये फूट आणि मास्टरसन यांना कुणीही अडवलं नव्हतं. तरी त्यांनी तो मोह टाळला, आणि त्यामागे मला एक पक्कं कारण दिसतं. कॅरीचं दुःख एकटेपणाचं आहे, पण ते विशिष्ट प्रकारचं आहे : तिच्या आठवणींना साक्षीदार उरलेला नाही. ह्यूस्टनच्या त्या जागेत बाउंटिफुलबद्दल ‘हो, असंच होतं’ म्हणणारं कुणी नाही. कॅमेऱ्याने तो भूतकाळ आपल्याला दाखवला असता, तर आपणच साक्षीदार झालो असतो आणि तिचं एकटेपण तिथेच संपलं असतं. तो दाखवला जात नाही, म्हणून तिच्या शब्दांवर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. तिला नेमकं तेवढंच हवं असतं.

चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना या एका गोष्टीकडे लक्ष द्या. कोण तिचं ऐकतं, कोण ऐकत नाही आणि कोण ऐकूनही ऐकलं नसल्यासारखं करतं.

रे जॉन मरे कोण? तो दिसतच नाही.

तो दिसणारही नाही. कॅरीचं ज्याच्यावर प्रेम होतं तो माणूस. दोघांच्या वडिलांचं पटत नव्हतं, म्हणून लग्न झालं नाही. तिने दुसऱ्याशी लग्न केलं. नवरा चांगला होता, तिला त्याच्याबद्दल आदर होता, पण प्रेम नव्हतं. रे जॉन जाता-येता दिसावा आणि त्याला मान लववून ओळख द्यावी, एवढ्यासाठी ती पुढे कित्येक वर्षं घराच्या ओसरीवर बसत राहिली.

हे ती कुणाला सांगते? मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. तासाभरापूर्वी ओळख झालेल्या थेल्माला सांगते, रात्रीच्या बसमध्ये. रडत नाही, आवाजही फारसा हलत नाही. आपल्याकडेही आज्यांनी आपली खरी गोष्ट अशीच सांगितलेली आढळेल, एखाद्या परक्या बाईला, प्रवासात, जिची पुन्हा गाठ पडणार नाही अशा बेताने.

थेल्माचं काम काय आहे? ती तर मध्येच निघून जाते.

थेल्मा (रिबेका डी मॉर्ने) नवविवाहित आहे. नवरा सैन्यात, नुकताच परदेशी रवाना झालेला, म्हणून ती माहेरी चालली आहे. तिच्या मनात भीती आहे आणि कॅरी तिला बायबलमधलं एक्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवते. ह्यूस्टनच्या घरात जिच्या भजनाचाही त्रास होतो, तिच्या तोंडच्या त्याच ओळी इथे कुणाला तरी धीर देतात. घरात अडगळ झालेली बाई रस्त्यावर पाऊल ठेवताच एकदम वडीलधारी होते. थेल्माचा हॅरिसनला निरोप घेताना तुमच्याही पोटात तुटतं की नाही, ते पाहा.

जेसी मे ही खलनायिका आहे का?

पहिल्यांदा पाहताना मला ती सहन होत नव्हती. सासूने घरात भजन गुणगुणायचं नाही, धावपळ करायची नाही, रुसायचं नाही, असे नियम घालणारी, सिनेमाची मासिकं चाळणारी, कोकाकोला प्यायला औषधाच्या दुकानात जाऊन बसणारी, सासूच्या पेन्शनच्या चेकवर नजर ठेवणारी बाई. सून म्हणून हिचा राग यायलाच हवा, अशीच लिहिली आहे असं वाटलं होतं.

आता तसं वाटत नाही. त्या जागेचा विचार करा. भिंती पातळ, खोल्या एकमेकींना लागून, रात्री झोप न येणारी सासू पलीकडे खुर्चीत डोलत गुणगुणते आहे आणि नवरा दोघींच्या मध्ये मुकाट. मूलबाळ नाही. लुडी दीर्घ आजारातून उठून नुकताच नोकरीला लागलेला, पगार तुटपुंजा. तो चेक तिला चैनीसाठी हवा असतो हे खरं, पण त्या घरात तो चेक आल्याशिवाय महिन्याचा मेळही बसत नसावा. शिवाय सासू कुठल्याही क्षणी घेरी येऊन पडेल, या धास्तीने दिवसभर घरात अडकून पडते ती जेसी मेच.

तिला भूतकाळ नाही, हे मला तिच्याबद्दल सगळ्यात करुण वाटतं. ती जे काही बोलते ते आजचं आणि उद्याचं : कोणता सिनेमा, कोणतं दुकान, केस कधी करून घ्यायचे. परतायची ओढ लागावी असं तिला काही नाही. कार्लिन ग्लिन या अभिनेत्रीने तिला करवादी केलं आहे, पण दुष्ट केलेलं नाही. (ग्लिन दिग्दर्शक मास्टरसन यांची पत्नी. घरचीच म्हणून भूमिका मिळाली अशी शंका आली, तर तिचं काम पाहिल्यावर ती टिकत नाही.)

पेन्शनच्या चेकला इतकं महत्त्व का?

कारण कॅरीच्या हातात स्वतःचं असं तेवढंच आहे. घर मुलाचं, स्वयंपाकघर सुनेचं, वेळापत्रक दोघांचं. चेकवर मात्र नाव तिचं, आणि ती सही करेपर्यंत तो कागद वटत नाही. म्हणून ती तो लपवते. पुढे ती पर्स बसमध्ये विसरते, ती परत मिळते, आणि शेवटी ती स्वतः होऊन चेक सुनेच्या हवाली करते. हरली म्हणून देते असं काहींना वाटतं. मला वाटतं, तोवर तिला राखून ठेवण्यासारखं दुसरं काही मिळालेलं असतं, म्हणून कागद सोडणं जड जात नाही.

कॅली डेव्हिसच्या मृत्यूचा प्रसंग इतका का हलवतो?

कॅली ही बालमैत्रीण, बाउंटिफुलमध्ये टिकून राहिलेली शेवटची व्यक्ती. तिच्याकडे उतरायचं, दोघी मिळून पुन्हा काहीतरी पिकवायचं, असा कॅरीचा बेत. हॅरिसनच्या स्थानकात रात्री तिला कळतं की कॅली नुकतीच वारली. सांगणारा माणूस वाईट नाही, त्याला कल्पनाच नसते की आपण काय सांगतो आहोत. फक्त काही दिवसांचा उशीर झाला.

तो शेवटचा साक्षीदार. इथून पुढे बाउंटिफुल कॅरीच्या डोक्यात आहे, बाहेर कुठेच नाही. तरीही ती म्हणते, मला जायचंच आहे. या क्षणापर्यंत तिचा हट्ट पोरकट वाटू शकतो. यानंतर वाटत नाही.

शेरीफ तिला परत पाठवायला आलेला असतो, मग तो का विरघळतो?

रिचर्ड ब्रॅडफर्डने हा शेरीफ इतका कमी बोलून केला आहे की उत्तर शब्दांत सापडत नाही. कायद्याने त्याला तिला थांबवून ठेवायचं आहे, मुलगा न्यायला निघालेला आहे. पण समोर एक बाई आहे जी इतक्या लांबून आली आणि बाउंटिफुल अवघ्या काही मैलांवर आहे. डॉक्टर तिला तपासतो आणि मग शेरीफ तिला गाडीत बसवतो.

घरापाशी पोचल्यावरचं त्यांचं बोलणं माझं फार आवडतं आहे. कॅरी कान देऊन एका पक्ष्याचा आवाज ऐकते आणि विचारते, हा कोणता? तो लाल कार्डिनल असल्याचं सांगतो. तिला तसंच वाटलं होतं, पण इतक्या वर्षांत ऐकला नव्हता म्हणून खात्री नव्हती. मग ती कात्रीसारख्या लांब दुभंगलेल्या शेपटीच्या पाखराबद्दल विचारते, ते अजून दिसतं का? दिसतं, अधूनमधून. तिचे वडील आपल्या जमिनीवर कुणाला पक्षी मारू देत नसत, शिकारी आले तर बंदूक घेऊन त्यांना हुसकत. पक्ष्यांनाही ते ठाऊक असावं, असं तिला वाटतं.

साक्षीदार सगळे गेले असं वाटत असताना एक परका पोलीस आणि एक पाखरू तिच्या बाजूने साक्ष देतात. तिची आठवण खरी निघते.

सुरुवातीचं भजन कोणतं?

‘सॉफ्टली अँड टेंडरली’. विल थॉम्पसन यांनी १८८० मध्ये लिहिलेलं हे ख्रिस्ती भजन अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघरी माहीत आहे. थकल्याभागल्यांनो, घरी या, असं येशू हळुवारपणे बोलावतो आहे, हा त्याचा आशय. चित्रपटात ते सिंथिया क्लॉसनने गायलं आहे. ‘घरी या’ हे शब्द मृत्यूबद्दलही आहेत आणि बाउंटिफुलबद्दलही, आणि कॅरीला त्या दोन्हींत फार फरक वाटत नसावा. आपल्या अभंगांतही पंढरपूर माहेर होतं, त्यामुळे मराठी कानाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

जेराल्डिन पेजला कॅरीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं का?

हो. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं, मार्च १९८६ मधल्या सोहळ्यात. त्याआधी तिला सात नामांकनं मिळाली होती आणि एकदाही पुरस्कार मिळाला नव्हता. पहिलं नामांकन १९५३ मधल्या चित्रपटासाठी, म्हणजे लिलियन गिश कॅरी करत होती त्याच वर्षीचं. या वेळी समोर मेरिल स्ट्रीप, व्हूपी गोल्डबर्ग, अ‍ॅन बॅनक्रॉफ्ट आणि जेसिका लँग होत्या. फूट यांनाही रूपांतरित पटकथेसाठी नामांकन होतं. १९८७ च्या जूनमध्ये पेज वारली, तेव्हाही ती ब्रॉडवेवर एका नाटकात काम करत होती.

चित्रण झालं तेव्हा ती साठीची होती, कॅरीपेक्षा तरुणच. तरी तिच्या अंगात म्हातारपण कसं मुरलं आहे, ते पाहा. लबाडी करताना डोळ्यांत येणारी लहान मुलीची चमक, घाईघाईत हॅट ठाकठीक करणारे हात, आणि सुनेची चाहूल लागताच अंग चोरून घेणं. म्हातारी दाखवायची म्हणून ती कुठेही आवाज कापरा करत नाही.

लुडी इतका गप्प का? त्याला आईची बाजू घेता येत नाही का?

जॉन हर्डने केलेला लुडी मला दर खेपेला जास्त आवडत जातो. पहिल्याच रात्री, पौर्णिमेच्या उजेडात, आई आणि मुलगा दोघांनाही झोप येत नाही. आई जुन्या गोष्टी काढते. असाच चंद्र होता, मी तुला उठवून फिरायला नेलं होतं, आठवतं? तो म्हणतो, नाही आठवत. आपल्यालाही ते खरं वाटतं. शहरात राहून, आजाराने आणि नोकरीच्या चिंतेने पिचून विसरला असेल.

शेवटी, त्या पडक्या घरासमोर, तो कबूल करतो की आपण खोटं बोललो. त्याला सगळं आठवतं. हे घर, इथलं जगणं, ती चांदण्यातली रात्र, भीतीने आपण रडलो आणि आईने जवळ घेतलं, तेही. आठवून काही उपयोग होत नाही म्हणून तो आठवायचंच थांबवू पाहत होता.

हा चित्रपटाचा खरा कळस. आई इतक्या लांब एका घराच्या शोधात आली, आणि ज्याच्या तोंडून ‘हो, असंच होतं’ ऐकायचं होतं तो तर ह्यूस्टनमध्ये पलीकडच्याच खोलीत झोपत होता. तिथे त्याला ते बोलता आलं नसतं. बोलायला त्यालाही इथवर यावं लागलं.

शेवटी ती पुन्हा ह्यूस्टनलाच जाते. मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त रागाने येतो. सून पुन्हा नियम सांगते, सासू सगळ्यांना हो म्हणते, गाडी निघते. काहींना ही शरणागती वाटते.

तिचा चेहरा बघा. पहिल्या अर्ध्या तासात ती प्रत्येक शब्दाला चिडते, कुरकुरते, खोटं बोलते. शेवटी तेच शब्द ऐकताना ती शांत आहे. घर पडलं, पण नदी, झाडं, माती आणि आखाताचा वारा आपल्या आधीही होते आणि नंतरही राहतील, आपण त्यातलेच आहोत, हे तिने स्वतःच्या तोंडाने मुलाला सांगितलेलं असतं. तिथे राहता येणार नाही, हेही तिनेच मान्य केलेलं असतं. जायच्या आधी ती खाली वाकून मातीला हात लावते आणि मग बाउंटिफुलचा निरोप घेते.

घरी परतल्यावर सगळं सुरळीत होईल, असं चित्रपट कुठेही सुचवत नाही. उद्या सकाळी पुन्हा तीच खोली, तीच कुरबूर. ज्यांना सासू-सून गळ्यात पडलेल्या हव्या असतात, त्यांची इथे निराशा होते. माझी झाली नाही.

२०१४ ची आवृत्ती वेगळी आहे का? कोणती पाहावी?

२०१३ मध्ये हे नाटक पुन्हा ब्रॉडवेवर आलं, मुख्यतः कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन. सिसिली टायसन कॅरी झाली आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिने टोनी पुरस्कार जिंकला. भजनांच्या वेळी प्रेक्षक आपणहून तिच्याबरोबर गायला लागत. ज्या जागी १९५३ मध्ये पहिला प्रयोग झाला होता, त्याच जागी नव्याने उभारलेल्या नाट्यगृहात हे घडलं. पुढच्या वर्षी त्यावरून टीव्ही चित्रपट झाला. त्यात व्हनेसा विल्यम्स सून आणि ब्लेअर अंडरवूड मुलगा झाला आहे.

संवाद बहुतांशी तेच, पण अर्थ सरकतो. वर्णभेदाच्या काळातल्या टेक्सासमध्ये एकट्या कृष्णवर्णीय म्हातारीने रात्री बसने निघणं आणि गोऱ्या शेरीफने तिला अडवणं, यात वेगळाच धोका आहे. दोन्ही पाहा, आधी १९८५ चा. पेजची कॅरी हट्टी मुलीसारखी आहे, टायसनची एखाद्या जुन्या झाडासारखी.

चित्रपट फार संथ आहे का?

संथ आहे. पहिला अर्धा तास तर एकाच जागेत आहे आणि तुम्हाला तिथून पळून जावंसं वाटतं. तसंच वाटायला हवं, म्हणजे कॅरी बसमध्ये बसते तेव्हा तुम्हीही मोकळा श्वास घेता.

मुलांना दाखवावा का?

आक्षेपार्ह काही नाही. लहान मुलं कंटाळतील. कॉलेजच्या वयाच्या मुलांना जरूर दाखवा.

घरातल्या वयस्कर माणसांसोबत पाहावा का? त्यांना वाईट नाही का वाटणार?

वाटेल कदाचित. मीही कचरत होते. सासूबाईंसोबत पाहायला बसले तेव्हा बसमधला प्रसंग चालू होता आणि कॅरी रे जॉनबद्दल बोलत होती. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, मी मध्ये मध्ये सांगत होते. त्यांनी मला थांबवायला सांगितलं. मला वाटलं पाणी हवं असेल. पण त्या बोलायला लागल्या, त्यांच्या माहेरच्या घराबद्दल, मागच्या दारातल्या एका झाडाबद्दल आणि एका मैत्रिणीबद्दल, जिचं नाव मी वीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. तासभर बोलल्या. उरलेला चित्रपट आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला.